सिमितेरातून परत आल्यावर पुढे कसं जायचं?

झुआरीकाठची
२ नोव्हेंबर, रात्री ११:१०

आज मृतांचा दिवस. सिमितेरात, म्हणजे कबरस्तानात, मिसा (चर्चची उपासना) झाली, मग फादर एकेका ओळीतून पवित्र पाणी शिंपडत गेले. मी आणि मुलगा नवऱ्याच्या थडग्यापाशी उभे होतो. दुपारीच येऊन तण उपटलं होतं, झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस मांडला होता. वारा सुटला आणि मेणबत्त्या विझायला लागल्या. मुलानं दोन्ही तळहात ज्योतीभोवती धरले आणि तसाच उकिडवा बसून राहिला. मेण बोटांवर ओघळलं तरी हलला नाही. बारावीला आहे. घरी येऊन जेवायला बसला तेव्हा पेरांवर पांढरे ठिपके तसेच होते.

नवऱ्याला जाऊन दोन वर्षं आणि तीन महिने झाले. ऑगस्टचा पाऊस, रात्री छातीत कळ आली, इस्पितळात पोचेपर्यंत संपलं होतं. ४६ वर्षांचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मातीचं थडगं तीन वर्षं ठेवतात. मग उघडतात, हाडं काढतात, घरच्यांनी सोय केली असेल तर भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि ती जागा पुढच्या माणसाला देतात. गोव्यात बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकानं असंच चालतं, जागा पुरत नाही. आज मिसेनंतर फादरनी बाजूला घेऊन हळू आवाजात आठवण केली. पुढच्या पावसाळ्याआधी करायचं की नंतर, ते कळव म्हणाले. त्यांची चूक नाही. पण तेव्हापासून पोटात गोळा आहे. माझा माणूस गेला, आता त्याची जागाही जाणार.

मी मूळची वसईची. लग्न होऊन गोव्यात आले त्याला १९ वर्षं झाली. घरात कोंकणी, बाजारात कोंकणी, पण रडायला मराठीच लागते. म्हणून इथे लिहितेय.

सगळे म्हणतात, पुढे जा. मी रोज मिसेला जाणारी बाई होते. तो गेल्यावर आठ महिने इगर्जीची पायरी चढले नाही. भेटेल तो 'देवाची इच्छा' म्हणायचा आणि मला त्या देवाचा राग यायचा. आता जाते. पण सांकवाळची जुनी इगर्ज पाहिलीय का कुणी? आगीत सगळी गेली, दर्शनी भिंत तेवढी उरली. समोरून पाहिलं तर इगर्जच वाटते. मागे गेलं की गवत आणि आभाळ. गेली दोन वर्षं माझी श्रद्धा तशी आहे. रविवारी समोरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं.

ज्यांना प्रभूमध्ये खरोखर शांती मिळाली, त्यांनी ती कशी मिळाली ते सांगा. वचनं मला पाठ आहेत. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, घर रिकामं असताना, तुम्ही काय केलंत ते सांगा.

---

दर्यावरून परत
३ नोव्हेंबर, रात्री १२:४०

ताई, मी इथे नुसता वाचतो, लिहीत नाही. पण तुम्ही मंगळवारचं विचारलंत म्हणून लिहितो.

२२ वर्षं जहाजावर होतो, इंजिनरूममध्ये ऑयलर. सुट्टीवर घरी आलो की पिणं, दुसरं काम नाही. सहा वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या रात्री मुलीच्या देखत बायकोवर हात उचलला. ती मुलीला घेऊन माहेरी गेली. बरोबर केलं तिनं. मी दोन दिवस किनाऱ्यावर, रापणकारांच्या ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत पडून होतो. तिसऱ्या दिवशी कुमसाराला गेलो, म्हणजे पापांची कबुली द्यायला. का गेलो ते आजही सांगता येणार नाही.

फादर म्हातारे होते. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. आता काहीतरी मोठी शिक्षा सांगतील असं वाटलं. नंतर बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "जेवलास?" मला घेऊन गेले आत. शेगडीत निखारे होते, त्यावर सुका बांगडा भाजला, उकड्या तांदळाची पेज वाढली. तो करपलेला वास अजून नाकात आहे. मी खात असताना ते येशूचा शिष्य पेत्र याच्याबद्दल बोलत होते. पेत्रानं प्रभूला ओळखत नाही म्हणून सांगितलं ते कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. आणि पुनरुत्थानानंतर प्रभू तळ्याच्या काठावर त्याला भेटतो तेव्हा पुन्हा कोळशाचाच विस्तव आहे, वर मासे भाजतायत. 'या, न्याहारी करा' म्हणतो. आधी खायला घालतो. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा. फादर म्हणाले, "तू जिथनं पळालास तिथंच तो विस्तव पेटवून बसलाय."

आता तुमचा मंगळवार. दर मंगळवारी सातला मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो. ती इगर्जीच्या हॉलमध्ये भरते, पण कुठल्या एका धर्माची नाही, सगळे येतात. सहा वर्षं झाली, अजून जातो. आधी जायचो तेव्हा मोजत होतो, आज किती दिवस. आता खुर्च्या मांडतो.

बायको दीड वर्षानं परत आली. मुलगी अजून मला काही द्यायचं असेल तर हातात देत नाही, टेबलावर ठेवते. मी उचलून घेतो. पूर्वी मला वाट बघता येत नव्हती, लगेच बाटली लागायची. आता बघता येते. माझ्यापुरती शांती ही एवढीच आहे, आणि ती मी स्वतः कमावलेली नाही.

---

फोंड्याची माई
३ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

बाळा, मी हिंदू. वय ७१. तुमच्या धर्मातलं मला फार कळत नाही, पण विधवा होऊन १४ वर्षं झाली, ते कळतं.

माझी आई म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला तेल घेऊन जायची. आमच्याकडे शिरगावची लईराई आणि ती सायबीण बहिणी मानतात. भाऊ तापानं फणफणला होता तेव्हा आई अनवाणी गेली होती. त्यामुळे तुझ्या देवाचं घर मला परकं नाही.

एक सांगते, ते मनात आलं म्हणून. हाडं काढतात हे तू लिहिलंस आणि मला रात्री झोप आली नाही. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करतात. पुरुष जातात. मला कुणी नेलं नाही, मी विचारलंही नाही. एक तांब्या आला, वर फडकं बांधलेलं, आणि तो अंगणातच झाडाला टांगला, घरात आणत नाहीत म्हणून. मी खिडकीतून बघत होते. ३८ वर्षं ज्याचे पाय चेपले, त्याला शेवटचा हात लावता आला नाही. आज वाटतं, हट्ट करायला हवा होता.

तुला ते मिळणार आहे. तुला भीती वाटते ते समजतं, पण तू जा. स्वतः उभी राहा.

आणि विचारते, राग मानू नको. तो आता कुठे आहे असं तुमचा येशू सांगतो?

---

नगरचा
३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

ताई, मी प्रॉटेस्टंट घरातला, अहिल्यानगरचा. वडील चर्चचे पाळक होते. वेर्ण्याला कारखान्यात नोकरी करतो. वर माईंनी लिहिलंय त्यानंतर काही लिहावं की नाही असं झालं, पण तुमच्या रागाबद्दल लिहिणं भाग आहे.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, रागाला जागा आहे, आपण मंडळीत ती ठेवत नाही. स्तोत्रसंहितेतली बरीच स्तोत्रं तक्रारीचीच आहेत. त्यातली बहुतेक शेवटी वळतात, देवाची स्तुती करतात. ८८ वं स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. तरी ते ठेवलंय, कुणी गाळलं नाही. आईला कॅन्सर झाला तेव्हा वडील रोज संध्याकाळी तेवढंच वाचायचे, मोठ्यानं. व्यासपीठावर आशेवर प्रवचन देणारा माणूस घरी तेच स्तोत्र महिनाभर वाचत होता. मला तेव्हा भीती वाटायची की बाबांचा विश्वास चाललाय. आता कळतं, ते देवाशी बोलायचं थांबले नव्हते. आठ महिने तुम्हाला ज्याचा राग येत होता, त्याच्याकडे तोंड करूनच तुम्ही रागावला होतात.

दुसरं, एलीया संदेष्टा. बायबलातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, मला मरण दे. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो, ऊठ, खा म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्यालाही हरकत घेत नाही, दुसऱ्यांदा खायला आणतो. वाट तुला झेपणारी नाही, म्हणून खा. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी ऐकू येणं, हे सगळं फार नंतर. आधी दोनदा भाकर आणि दोनदा झोप. तुम्ही नीट जेवता का, झोपता का?

आणि रडायला मराठी लागते म्हणालात. गोव्यात ख्रिस्ताची गोष्ट मराठीत सांगायला चारशे वर्षं होऊन गेली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी ओवीत क्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. तुमच्या घरापासून रायतूर फार लांब नाही. इथल्या देवाला ही भाषा चांगली समजते.

---

स्पष्ट बोलतो
३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

वरचं सगळं मनापासून पटलं, तरी एक गोष्ट राहतेय.

माझी बहीण बाळंतपणानंतर खचली होती. झोप नाही, बाळाकडे बघायची नाही. आमच्या प्रार्थना गटातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं सांगितलं की विश्वास कमी पडतोय, उपास कर. तिनं केला. बाळाला पाजणारी बाई उपास करत होती आणि आम्ही सगळे गप्प बसलो, मी पण. एका पहाटे ती विहिरीच्या काठावर सापडली. देवाची कृपा, सापडली. त्यानंतर बांबोळीला मानसोपचार संस्थेत उपचार घेतले, गोळ्या सुरू झाल्या, तीन महिन्यांनी ती पहिल्यांदा हसली. आज ती माझ्याहून जास्त प्रार्थना करते आणि गोळ्याही वेळेवर घेते. तिच्या मनात या दोन्हींचं भांडण नाही. ते भांडण आम्ही लावलं होतं.

एलीयाला देवदूतानं भाकर दिली, कुणाला डॉक्टर द्यावा लागतो. ताई, जगावंसं वाटत नाही असं कधी मनात आलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात. मुलाकडेही लक्ष द्या. मेण ओघळत असताना हात न हलवणारा मुलगा काहीतरी धरून बसलाय.

---

झुआरीकाठची
३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सगळं दोनदा वाचलं. ऑफिसात एकदा, आत्ता एकदा.

मरावंसं वाटत नाही, दादा. सुरुवातीला वाटायचं. तुम्ही नीट विचारलंत, बरं वाटलं. मुलाचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. आज त्याला विचारलं, हात भाजला नाही का? म्हणाला, "पप्पाची मेणबत्ती विझली असती." पुढं काही बोलला नाही. त्याच्या कॉलेजात समुपदेशक बाई आहेत, त्यांना भेटू या म्हटलं तर हो म्हणाला. मला वाटलं होतं नाही म्हणेल.

जेवण. खरं सांगते, दोन वर्षं मी पेज अजून तिघांचीच टाकते. हात आपोआप तीन मुठी घेतो. उरलेली सकाळी शेजारच्या गाईला.

'दर्यावरून परत', तुमचं ते टेबलावर ठेवलेलं उचलून घेणं दिवसभर डोक्यात होतं.

माई, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचंय, पण आज नाही. पाठ केलेलं उत्तर तुम्हाला द्यावंसं वाटत नाही.

---

सालसेतचा धाकटा
४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

विषय थोडा वेगळा, पण पुढे जाण्याचाच.

वडील वारल्यावर थोरल्या भावानं घराची कागदपत्रं स्वतःकडे ठेवली आणि मला परकं केलं. पाच वर्षं इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसाच्या वाटणीचा, दावा चालू आहे. प्रत्येक रविवारी मिसेत 'आमचे अपराध क्षमा कर, जशी आम्ही क्षमा करतो' म्हणायची वेळ आली की मी तोंड मिटून उभा राहायचो. खोटं बोलायचं नव्हतं.

फादरना सांगितलं. ते म्हणाले, दावा चालू ठेव, कायद्यानं तुझं आहे ते माग, पण भावाचं वाईट व्हावं हे मागणं सोड. मला वाटत होतं क्षमा म्हणजे हक्क सोडणं. तसं नाही हे समजायला पाच वर्षं लागली. आता कोर्टात तो समोर आला की मी 'देव बरो दीस दिवं' म्हणतो. तो मान फिरवतो. तरी त्या दिवशी रात्री मला झोप लागते, पूर्वी लागत नव्हती. रविवारी ती ओळ म्हणतो, हळू आवाजात.

---

जुनें गोंयचा वाटाड्या
४ नोव्हेंबर, रात्री ९:४५

नमस्कार ताई. जुन्या गोव्यात पर्यटकांना फिरवतो, कोल्हापूर-सांगलीकडचे मराठी लोक जास्त असतात. रोज एकच गोष्ट सांगून जीभ वळलेली आहे, पण तुमचा धागा वाचून आज सांगताना मध्येच थांबलो.

बॉम जेझू चर्चमध्ये मी सांगतो की संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात आले आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांचाव बेटावर वारले. तिथं त्यांना पुरलं. काही आठवड्यांनी थडगं उघडून मलाक्काला नेलं. तिथं पुन्हा पुरलं, पुन्हा उघडलं. १५५४ च्या मार्चमध्ये शव गोव्यात आलं. आज ते ज्या चांदीच्या पेटीत आहे ती गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली, १६३७ च्या सुमाराची. दहा वर्षांनी एकदा खाली आणतात, मागच्या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. लाखोंनी माणूस येतं.

आज हे सांगता सांगता लक्षात आलं, आपल्या गोंयच्या सायबाचं थडगं दोनदा उघडलंय. आणि ज्यांनी उघडलं त्यांनी त्याचा अपमान केला असं कुणी म्हणत नाही. त्यांना तो सोबत हवा होता म्हणून उघडलं.

दुसरे आपले संत जोसेफ वाझ. २१ एप्रिल १६५१ ला बाणावलीत जन्मले, घर सांकवाळला, तुमच्याच बाजूला. डचांनी श्रीलंकेत कॅथलिकांवर बंदी आणली होती, पाद्री उरला नव्हता. हे १६८७ मध्ये मजुराच्या वेषात जाफनाला उतरले, उतरल्या उतरल्या आजारी पडले. कँडीत हेर समजून तुरुंगात टाकलं. १६९७ मध्ये तिथं देवीची साथ आली, लोक घरचे रोगी रानात टाकून पळत होते, हे त्यांना झोपड्या बांधून धुतपुसत होते. १६ जानेवारी १७११ ला कँडीतच वारले, गोव्याला परत आलेच नाहीत. १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं. ताई, त्यांना कुठं पुरलं ती जागा आज कुणाला सापडत नाही. एक हाड हाती लागलेलं नाही.

एका संताचं शव बघायला जग येतं, दुसऱ्याची माती कुठली तेही माहीत नाही. दोघांपुढे मी सारखीच मेणबत्ती लावतो. मला एवढंच सांगायचं होतं.

---

फोंड्याची माई
५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

वाटाड्याबाबा, इतकी वर्षं फोंड्यात राहून हे दुसऱ्या संतांचं मला कुणी सांगितलं नव्हतं. देवीचे रोगी धुतले म्हणजे मोठं मन. माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय, आमच्या गावात देवीच्या घरावरून लोक वाट बदलून जायचे.

---

झुआरीकाठची
९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

पाच-सहा दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत होतं.

आमच्या शेजारी एक म्हातारी आहे, तिला सगळे मांय म्हणतात. तिचा थोरला मुलगा ट्रॉलरवर होता, वादळात गेला, शव मिळालं नाही. हे मला १९ वर्षं माहीत होतं, पण मी त्याबद्दल तिच्याशी कधी बोलले नव्हते. वाटाड्यादादांचं वाचल्यावर तिच्याकडे गेले. विचारलं, मांय, तुझ्याकडे तर थडगंच नाही, तू मृतांच्या दिवशी कुठे जातेस?

ती म्हणाली, खुरसाकडे. रस्त्याच्या वळणावर एक पांढरा क्रूस आहे, मे महिन्यात तिथं लादाइन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होते, बाकी वर्षभर कुणी बघत नाही. ती दर २ नोव्हेंबरला तिथं मेणबत्ती लावते. मला वाटायचं ती रस्त्यावरच्या क्रूसाची सेवा करते.

मंगळवारी संध्याकाळी सातला मी घरी होते. दार वाजलं. मांय होती, हातात तेर्साची, म्हणजे रोझरीच्या जपाची, माळ. "तूं कांय उलोवं नाका," म्हणाली, "बस मात." काही बोलू नको, नुसती बस. स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि तेर्स सुरू केला. पहिली दहा मणी मी नुसती ऐकली. दुसऱ्या दहाला ओठ हलले. मराठीत. ती कोंकणीत 'नमान मोरिये' आणि मी माझ्या आईसारखं 'नमो मरीये'. तिला काही फरक पडला नाही. तिसऱ्या दहाला मुलगा येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. कुकरची शिट्टी झाली, कुणी उठलं नाही.

नंतर पेज वाढली. तिघांची टाकली होती, तिघं जेवलो.

मग मी तिला विचारलं, मांय, तुला शांत कधी वाटलं? ती बराच वेळ वाटीत चमचा फिरवत होती. मग म्हणाली, प्रभू उठून शिष्यांकडे आला तेव्हा दारं बंद होती, ते घाबरून आत बसले होते. तो म्हणाला, तुम्हाला शांती असो. आणि लगेच हात दाखवले. खिळ्यांचे. "घाय पुसून येवंक शकतालो न्हय?" तिनं विचारलं. जखमा पुसून येऊ शकला असता ना? आला नाही. जखमा घेऊनच शांती म्हणाला.

हे वचन मी शेकडो वेळा ऐकलंय. दर ईस्टरनंतरच्या रविवारी वाचतात. मला नेहमी थोमाची गोष्ट म्हणून माहीत होतं, ज्याला हात लावून बघायचं होतं. पण मला वाटत होतं की शांती आली की जखम राहत नाही, आणि जखम आहे म्हणजे माझ्याकडे शांती आलेली नाही. दोन वर्षं मी हेच धरून बसले होते. मंगळवारी रात्री पहिल्यांदा नवऱ्याचा शर्ट कपाटातून काढला आणि परत ठेवला नाही, इस्त्री करून मुलाला दिला. मापात बसतो.

माई, तुमचं उत्तर. आमची श्रद्धा सांगते की तो देवाच्या हाती आहे, आणि शेवटच्या दिवशी देहासह उठेल. म्हणूनच आम्ही हाडं टाकत नाही, जपून ठेवतो. म्हणूनच त्याच्यासाठी मिसा सांगतो, कारण तो संपलेला नाही, आमची प्रार्थना त्याच्यापर्यंत जाते. हे मला लहानपणापासून शिकवलंय. खरं वाटतं का विचाराल, तर मंगळवारी सात ते साडेसात वाटलं. बुधवारी नाही वाटलं. गुरुवारी पुन्हा थोडं.

---

स्पष्ट बोलतो
१० नोव्हेंबर, सकाळी ७:४०

ताई, बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना सांग, माझं पण बुधवारी नसतं.

---

दर्यावरून परत
१० नोव्हेंबर, रात्री ८:३०

मांयला माझा नमस्कार सांगा. दर्यावर गेलेल्यांना थडगं नसतं हे आम्हा तारवट्यांना माहीत असतं, पण घरी त्यांच्यासाठी कुणी कुठल्या क्रूसापाशी मेणबत्ती लावतं हे डोक्यात आलं नव्हतं. कुठलं वळण ते सांगाल का, पुढच्या वर्षी मी पण लावीन.

---

झुआरीकाठची
१६ जानेवारी, रात्री १०:५०

दादा, वळण तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवलंय. मांय म्हणाली, मेणबत्ती जाडी आणा, तिथं वारा असतो.

आज संत जोसेफ वाझांचं फेस्त, म्हणजे सण, सांकवाळला गेलो होतो. मी, मुलगा, मांय. माई, तुमचीही आठवण काढली, एक मेणबत्ती तुमच्या नावानं. येताना मुलानं गाडी जुन्या इगर्जीच्या भिंतीकडे वळवली. मी कधी त्याला त्याबद्दल सांगितलं नव्हतं, बहुतेक त्यानं हा धागा वाचलाय. आम्ही मागच्या बाजूनं गेलो. गवत वाळलेलं, संध्याकाळचं ऊन खिडक्यांतून आरपार येत होतं. मांय पायरीच्या दगडावर बसली आणि तिथंच आमोरीची, म्हणजे तिन्हीसांजेची, प्रार्थना म्हटली. छप्पर नाही म्हणून काही अडलं नाही.

फादरना कळवलंय, पावसाआधी करू. मे महिन्यात, नवऱ्याच्या वाढदिवसाच्या आसपास. हाडं धुवायला मी स्वतः बसणार असं सांगितलं. ते म्हणाले, सहसा सिमितेराचा माणूस करतो, पण तू बस. पांढरं कापड वसईहून आई पाठवतेय.

मुलानं विचारलं, मी येऊ का?

ये म्हटलं.